टेक्सासची भाऊबंदकी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सास या संस्थानाने 1876 साली जी नवी राज्यघटना अंगीकारली, तिच्या सातव्या प्रकरणात असा मजकूर नमूद आहे की, पुढे एक विद्यापीठ स्थापन व्हावयाचे असून ब्रॅझोस परगण्यात आधीच उभारलेले कृषी व यंत्रविद्येचे महाविद्यालय ही त्याची शाखा समजली जावी. हे कलम लिहिणाऱ्यांना त्यात वावगे असे काही दिसले नसावे. परंतु ज्या विद्यापीठाची ती शाखा ठरली ते विद्यापीठच अजून जन्माला आले नव्हते, आणि शाखेचे वर्ग मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाले. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचे दरवाजे उघडावयास 1883 साल उजाडले. अशा रीतीने वयाने सात वर्षांनी धाकट्या असलेल्या संस्थेला कायद्याने थोरलेपण मिळाले, आणि जी खरोखर थोरली, त्या ‘टेक्सास ए अँड एम’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या संस्थेच्या वाट्याला दुय्यम दर्जा आला. या दोघांत पुढे सव्वाशे वर्षे जी चुरस चालली, जी एकाने घर सोडल्यामुळे खंडित झाली आणि दुसऱ्यानेही घर सोडल्यामुळे पुन्हा सांधली गेली, तिचे मूळ शोधू गेल्यास ते या कलमापर्यंत जाऊन पोहोचते.

विद्यापीठाच्या निर्वाहासाठी संस्थानाने पश्चिम टेक्सासातील दहा लाख एकर जमीन 1876 साली आणि आणखी दहा लाख एकर 1883 साली तोडून दिली होती. ती इतकी ओसाड होती की चराईच्या पट्टीपलीकडे तिचा वसूल फारसा येत नसे. पण 1923 च्या मे महिन्यात सांता रीटा नावाच्या विहिरीतून तेल उसळले आणि या वतनाचे मोल पाहता पाहता पालटले. मग वडिलार्जित शेताच्या बांधावरून दोन भावांत जो प्रकार होतो तोच येथे झाला. घटनेने आम्हांस शाखा म्हटले आहे, तर उत्पन्नात आमचाही हिस्सा निघतो, असा दावा ए अँड एमने मांडला; ऑस्टिनकरांनी तो सहजासहजी मान्य केला नाही; आणि 1931 साली विधिमंडळाने जो निवाडा केला, तो दोन भाग टेक्सास विद्यापीठास व एक भाग ए अँड एमला, असा. ऑस्टिन ही राजधानी. तेथील पदवीधर वकील, आमदार, बँकांचे व तेलकंपन्यांचे कारभारी होत. कॉलेज स्टेशन हे रेल्वेच्या ठाण्याभोवती वाढलेले गाव. तेथे शेतकऱ्यांची मुले गणवेश घालून कवायत करीत, लष्करात अधिकारी होत, आणि 1963 सालापर्यंत स्त्रियांना तेथे विद्यार्थी म्हणून सरसकट प्रवेशच नव्हता. दोन गावांत अंतर सुमारे शंभर मैलांचे. स्वभावात त्याहून कितीतरी अधिक.

या दोन संस्थांचा पहिला फुटबॉल सामना 1894 साली झाला, आणि तो ऑस्टिनने 38 विरुद्ध शून्य अशा फरकाने जिंकला. (येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हाती धरून, अंगावर येणाऱ्यांना ढकलीत पुढे नेण्याचा अमेरिकन खेळ समजावा.) पुढे वीस वर्षे सामने होत, मोडत, पुन्हा ठरत, त्यांना नियम नव्हता, आणि भाडोत्री खेळाडू विद्यार्थी म्हणून उभे करण्याची चाल सर्वत्र होती. या बेबंदशाहीस आळा घालावा म्हणून टेक्सास विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख थिओ बेलमाँट यांनी 1914 साली शेजारच्या संस्थांना एकत्र बोलाविले, आणि त्या मसलतीतून ‘साउथवेस्ट कॉन्फरन्स’ जन्मास आली. अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडाव्यवस्थेत कॉन्फरन्स म्हणजे आठदहा शेजाऱ्यांनी केलेला एक तह होय : दरसाल आपसांत खेळावे, पात्रतेचे नियम एक ठेवावे, पंच सामाईक नेमावे, आणि वर्षअखेर जो सरस ठरेल त्यास विजेता मानावे. मूळ सभासद आठ होते : टेक्सास, ए अँड एम, बेलर, राइस, साउथवेस्टर्न, आर्कान्सा, ओक्लाहोमा, आणि आज ओक्लाहोमा स्टेट म्हणून ओळखले जाणारे ओक्लाहोमाचे कृषी महाविद्यालय. या आठांतील काही लवकरच पांगले, सदर्न मेथडिस्ट आणि टेक्सास ख्रिश्चन ही दोन विद्यापीठे येऊन मिळाली, पुढे टेक्सास टेक व ह्यूस्टन यांचाही प्रवेश झाला. परंतु तहाचे स्वरूप ऐंशी वर्षे तेच राहिले.

वैराला एक सामाईक छप्पर मिळाले म्हणजे त्याला रीतिरिवाज येतात, आणि या वैराला ते विपुल आले. 1915 साली ए अँड एमने टेक्सासला 13 विरुद्ध शून्य असे हरविले होते. दुसऱ्या वर्षी टेक्सासच्या चाहत्यांनी लांब शिंगांचा एक बैल मैदानावर आणून त्यास आपले मानचिन्ह केले, तेव्हा ए अँड एमच्या काही मंडळींनी 1917 च्या आरंभी त्या जनावरास गाठून त्याच्या कुशीवर ‘13-0’ हे आकडे तप्त लोखंडाने उमटविले. बैल पोसणे पुढे परवडेना, म्हणून 1920 साली त्याचीच मेजवानी झाली. ए अँड एमच्या प्रतिनिधींना सन्मानपूर्वक निमंत्रण गेले, आणि ज्या कुशीवर त्यांनी डाग दिला होता तिकडचे मांस त्यांस वाढून आकड्यांसह कातडे त्यांच्या हवाली करण्यात आले. ए अँड एमचे रणगीत पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनच्या काठी पहाऱ्यावर असलेल्या पिंकी विल्सन नावाच्या सैनिकाने रचले, आणि त्यात जर्मन शत्रूची नव्हे, तर ऑस्टिनच्या बैलाची शिंगे कापण्याची प्रतिज्ञा आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला हा सामना व्हावयाचा अशी वहिवाट पडली, आणि त्याच्या आधी कॉलेज स्टेशनला ओंडक्यांचा प्रचंड मनोरा रचून होळी पेटविण्याची प्रथा रूढ झाली. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे तो अर्धवट रचलेला मनोरा कोसळला, त्याखाली 12 जण मृत्यू पावले आणि 27 जखमी झाले. आठवड्याने झालेल्या सामन्यात टेक्सासच्या वादकांनी मैदानावर आपले ध्वज खाली केले व टोप्या उतरविल्या, आणि शंभर वर्षांचे हे वैर त्या दिवशी सुतकात सहभागी झाले. आपल्याकडे रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठे क्रिकेट खेळत आली, त्यांतून मोठे खेळाडूही निघाले. परंतु लाखभर माणसे विद्यापीठाच्या सामन्याला जमावीत, आणि पन्नाशी उलटलेल्या वकिलाने व सावकाराने आपली कॉलेजनिष्ठा कुळाचाराप्रमाणे पाळावी, हे येथील वाचकाच्या कल्पनेत सहज येण्यासारखे नाही.

हे छप्पर मोडले ते दूरचित्रवाणीने, आणि तेही कोर्टाच्या वाटेने. 1950 नंतरच्या काळात कोणत्या विद्यापीठाचे किती सामने पडद्यावर दिसावेत, हे विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था एन.सी.ए.ए. ठरवीत असे, हेतू हा की, चारदोन बलाढ्यांनी सारा पैसा ओढू नये आणि मैदानावरील तिकिटे खपावीत. ओक्लाहोमा व जॉर्जिया या दोन विद्यापीठांनी या मक्त्याविरुद्ध फिर्याद गुदरली, आणि 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो मक्ता बेकायदा ठरविला. विरोधी मत नोंदविणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे होते, जे विद्यार्थिदशेत स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. खेळ हा विद्यापीठाच्या शैक्षणिक कार्याचा भाग आहे, तो केवळ बाजारी मालाच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांचे मत पडले खरे. परंतु पुढील चाळीस वर्षांचा दाखला पाहता, सरशी झालेल्या सात जणांपेक्षा परिणामांचा अंदाज त्यांनाच अधिक नेमका आला होता, असे माझे मत आहे. कारण त्या दिवसापासून विद्यापीठाच्या शेजाराचे मोल घटले, आणि त्या शेजारात दूरचित्रवाणीचे संच किती आहेत, याचे मोल वाढले.

साउथवेस्ट कॉन्फरन्सला हा फटका सर्वांत आधी बसला, कारण तिचा बहुतेक मुलूख एकाच संस्थानात होता. त्यात आतून कीड लागलेली. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या धनिक हितचिंतकांनी खेळाडूंना गुपचूप रोख रकमा देण्याचा शिरस्ता पाडला होता. तो उघडकीस आल्यावर 1987 चा संपूर्ण हंगाम रद्द करण्याची, अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत कडक शिक्षा त्याला झाली. त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद पूर्वी भूषविलेले बिल क्लेमेंट्स हे तेव्हा संस्थानाचे गव्हर्नर होते, आणि ही देवघेव चालू ठेवण्यास आपली संमती होती, हे त्यांना जाहीरपणे कबूल करावे लागले. 1990 च्या ऑगस्टात आर्कान्साने साउथवेस्टला रामराम ठोकून साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाट धरली. 1969 साली ज्या टेक्सास-आर्कान्सा सामन्याला राष्ट्राध्यक्ष निक्सन जातीने हजर राहिले होते, आणि जो टेक्सासने 15 विरुद्ध 14 असा एका गुणाने जिंकला होता, त्याचे वार्षिक स्वरूप येथे संपले. नव्या घरी बारा सभासद झाल्यामुळे त्यांचे दोन गट पाडून, गटविजेत्यांचा निर्णायक सामना 1992 पासून भरविता आला. त्या एका सामन्याच्या प्रक्षेपणातून जे उत्पन्न निघाले, ते पाहून देशभरच्या कारभाऱ्यांचे डोळे फिरले.

1994 च्या फेब्रुवारीत साउथवेस्टची वाटणी झाली. उत्तरेकडील बिग एट या मंडळात टेक्सास, ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर हे चौघे सामील व्हावेत व त्यातून ‘बिग ट्वेल्व्ह’ बनावी, असे ठरले. चौघे कसे निवडले गेले, याविषयी टेक्सासमध्ये आजही चर्चा चालते. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स या बेलरच्या पदवीधर होत्या, आणि उपगव्हर्नर बॉब बुलॉक हे टेक्सास टेक व बेलर या दोन्ही ठिकाणी शिकलेले होते, हे दोन तपशील त्या चर्चेत हटकून येतात. मागे राहिले ते राइस, सदर्न मेथडिस्ट, टेक्सास ख्रिश्चन आणि ह्यूस्टन. ज्या राइसच्या मैदानावर 1962 साली केनेडींनी चंद्रावर जाण्याचा संकल्प सांगितला आणि, कठीण गोष्टी माणूस का अंगावर घेतो हे पटविताना, राइस हे टेक्सासशी कशासाठी खेळते असा विनोदही केला, त्या राइसला 1996 नंतर तो वार्षिक सामनाच उरला नाही. टेक्सास व ए अँड एम यांनी आपले वैर जपून नव्या घरी नेले. त्या वैराच्या आजूबाजूला जी लहानमोठी नाती होती ती जुन्या घरातच राहून गेली. या वेळी दोघा भाऊबंदांनी मिळून चार धाकट्यांना उघड्यावर टाकले, ही गोष्ट पुढील हकिकतीत विसरता कामा नये, कारण पुढे ए अँड एम जेव्हा अन्यायाची भाषा बोलू लागले, तेव्हा तिचा त्यांना विसर पडला होता.

नव्या घरात कुरबूर अल्पावधीतच सुरू झाली. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाची वाटणी विषम होती आणि ज्याचे सामने अधिक दिसत त्याला अधिक मिळे. 2010 च्या जूनमध्ये सभासदांपैकी कोलोरॅडो पश्चिमेकडे गेले, दुसऱ्याच दिवशी नेब्रास्काने बिग टेन या मंडळाचा रस्ता धरला, आणि टेक्सासही अनेकांना बरोबर घेऊन प्रशांत महासागराकाठच्या मंडळात जाणार, अशी बोलणी अगदी थराला आली. ती फिसकटली, टेक्सास राहिले, म्हणून बाकीचे राहिले. पण 2011 च्या जानेवारीत जाहीर झाले की, टेक्सास विद्यापीठाची स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी निघणार असून ई.एस.पी.एन. या क्रीडावाहिनीने तिच्यासाठी वीस वर्षांचा 30 कोटी डॉलरांचा करारनामा केला आहे. ‘लाँगहॉर्न नेटवर्क’ या नावाने ही वाहिनी निघाली, आणि तिच्यावर शाळांतील होतकरू खेळाडूंचे सामनेही दाखविण्याची तजवीज आहे, असे उन्हाळ्यात कानी आले. जे पोरगे उद्या कोणत्या विद्यापीठात जावे या विचारात आहे, त्याला आज टेक्सासने पडद्यावर आणावे, यातील मेख ए अँड एमला लगेच कळली. ती तजवीज नियमात बसत नाही, असा निर्णय पुढे झाला. परंतु तोवर मन विटले होते. बेलरने दाव्याची धमकी देऊन पाहिले, ए अँड एमचे माजी विद्यार्थी असलेले गव्हर्नर रिक पेरी त्या सुमारास राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत गुंतले होते, आणि सप्टेंबरअखेर ए अँड एमचा साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील प्रवेश पक्का झाला. कुलप्रमुख बोवेन लॉफ्टिन यांनी हा शंभर वर्षांचा निर्णय असल्याचे सांगितले. 1931 च्या निवाड्यापासून दोन-तृतीयांशाच्या सावलीत वाढलेल्या संस्थेला, ज्या घरात टेक्सासचा शब्द चालत नाही अशा घरी जाण्याचा मोह व्हावा, यात नवल नाही. पैशाचा हिशेब होताच. पण नुसत्या पैशाने हे स्थलांतर उलगडत नाही.

अखेरचा सामना 24 नोव्हेंबर 2011 रोजी, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, कॉलेज स्टेशनच्या काइल फील्डवर झाला. पावणेदोन मिनिटे उरली असताना ए अँड एमने गुण मिळवून 25 विरुद्ध 24 अशी आघाडी घेतली. वेळ संपता संपता टेक्सासच्या खेळाडूने चाळीस यार्डांवरून चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला, आणि 27 विरुद्ध 25 असा निकाल लागून एकशे अठरावी लढत टेक्सासच्या खात्यावर रुजू झाली. पराभूत पक्षाला पुढच्या वर्षाचा दिलासा असतो. तोही या वेळी नव्हता.

यानंतर जे घडले त्याला उभय पक्षांचा हट्ट एवढेच नाव देता येते. कॉन्फरन्स वेगळी झाली म्हणून सामना बंदच पडला पाहिजे, असे कोठेही लिहिलेले नाही. दोन विद्यापीठे वेळापत्रकात जागा ठेवून खेळू शकतात आणि देशात अनेक ठिकाणी खेळतातही. पण टेक्सासचे क्रीडाप्रमुख डिलॉस डॉड्स यांनी, सोडून ते गेले, तेव्हा पुन्हा केव्हा खेळावयाचे हे आम्ही ठरवू, अशा आशयाचे उत्तर दिले. 2013 साली विधिमंडळात एका सभासदाने दोघांनी दरसाल खेळलेच पाहिजे असे विधेयक मांडले, ते बारगळले. ए अँड एमला नवे घर प्रथम फार मानवले. 2012 च्या पहिल्याच हंगामात त्यांनी बलाढ्य अलाबामाला त्याच्याच मैदानावर 29 विरुद्ध 24 असे हरविले, आणि जॉनी मॅन्झिएल या पहिल्या वर्षाच्या मुलाला, विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूस दिले जाणारे हाइझमन पारितोषिक मिळाले. त्या उत्साहात काइल फील्ड लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील एवढे वाढविण्यात आले. पण विजेतेपद दूरच. 2024 पर्यंतच्या हंगामांत ए अँड एम कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही एकदा पोहोचले नाही. ऑस्टिनलाही यांतील बहुतेक वर्षे फारसे यश लाभले नाही. आणि नोव्हेंबर आला की कॉलेज स्टेशनला ते रणगीत, समोर कोणीही असो, ऑस्टिनच्या बैलाच्या नावाने गायले जाई.

21 जुलै 2021 रोजी ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने बातमी फोडली की टेक्सास व ओक्लाहोमा हे दोघे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये येण्याची खटपट करीत आहेत. ए अँड एमचे क्रीडाप्रमुख रॉस ब्योर्क यांनी त्याच दिवशी, टेक्सासमधून या कॉन्फरन्सात आम्ही एकटेच असावे अशी आमची इच्छा आहे, असे स्पष्ट सांगितले. ज्याच्यापासून दूर जाण्यासाठी घर सोडले तोच दारात बाडबिस्तरा घेऊन उभा, हा प्रसंग कोणालाही बाका वाटावा. पण सुमारे आठवडाभरात मतदान झाले ते चौदा विरुद्ध शून्य. ए अँड एमचे मतही होकाराचेच होते. दहा वर्षांपूर्वीच्या स्वाभिमानावर मालमत्तेच्या हिशेबाने मात केली. दोघा नवागतांनी बिग ट्वेल्व्हच्या जुन्या करारातून एक वर्ष आधी मोकळे होण्यासाठी मिळून 10 कोटी डॉलरांवर पाणी सोडले, आणि 1 जुलै 2024 पासून ते साउथईस्टर्नचे सभासद झाले. 30 नोव्हेंबर 2024 रोजी काइल फील्डवर तेरा वर्षांनी पुन्हा गाठ पडली. जिंकेल तो अंतिम सामन्यास जाणार, असा योग होता. टेक्सासने 17 विरुद्ध 7 असा विजय मिळविला, आणि ए अँड एमला बारा हंगामांत जे साधले नव्हते ते या भाऊबंदाने पहिल्याच हंगामात साधले. पुढे अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्याला हरविले, ही कॉलेज स्टेशनला मिळालेली भरपाई.

आर्कान्साशीही टेक्सासची गाठ त्याच महिन्यात पडली, आणि ज्यांना वृत्तपत्री मथळे आवडतात त्यांनी जुने दिवस परत आल्याचे लिहिले. मला तसे म्हणवत नाही. मोडलेल्या सामन्यांपैकी परत आले ते श्रीमंतांचे. 1996 साली मागे राहिलेल्यांपैकी टेक्सास ख्रिश्चनला 2012 साली, ह्यूस्टनला 2023 साली बिग ट्वेल्व्हमध्ये जागा मिळाली. पण तोवर एक मोठे विद्यापीठ निघून गेलेले आणि दुसरे निघण्याच्या बेतात होते. सदर्न मेथडिस्टने 2024 साली अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात प्रवेश मिळविला तो नऊ वर्षे प्रक्षेपणाचा पैसा न घेण्याच्या कबुलायतीवर. पश्चिम किनाऱ्यावर तर शंभरीच्या मंडळातून बारापैकी दहा जण उठून गेले, आणि ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच दप्तर सांभाळीत राहिले. सुटण्याच्या करारनाम्यांत नुकसानभरपाई, मुदत, प्रक्षेपणाचे हक्क या सर्वांची कलमे तपशिलाने असतात. मागे राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे कलम त्यांत नसते, आणि ते घालावे असे एकाही विधिमंडळाला अद्याप सुचलेले नाही.

अशा मागे राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याचा एक दाखला शेजारीच आहे. ओक्लाहोमा संस्थानातील दोन विद्यापीठांचा पहिला सामना 1904 साली गथ्री गावी झाला होता. भर थंडीत चेंडू ओढ्यात पडला असता दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी पाण्यात उड्या टाकून तो काढला, अशी त्याची आख्यायिका आहे. 1910 पासून हा सामना दरसाल होत आला. ओक्लाहोमा निघून जाणार हे ठरल्यावर ओक्लाहोमा स्टेटचे प्रशिक्षक माइक गंडी यांनी, जाण्याचा निर्णय त्यांचा, तेव्हा सामना संपला तोही त्यांच्यामुळेच, असे सांगून टाकले. 4 नोव्हेंबर 2023 रोजी स्टिलवॉटर येथे ओक्लाहोमा स्टेटने 27 विरुद्ध 24 असा विजय मिळविला. 2024 साली हा सामना झाला नाही.